ऑलराउंडर रायफल : एक कॅलिबर, शंभर कामं

हॉस्टेलमध्ये रात्री बारानंतर जे वाद रंगतात त्यात क्रिकेट, बाइक आणि 'सगळ्यात भारी रायफल कोणती' हे तीन विषय कायमचे. तिसऱ्या विषयात एकाला एके-४७ हवी असते, दुसऱ्याला स्नायपर, आणि कॉम्प्युटर गेमवाल्यांना तर सगळंच हवं असतं! पण भारी म्हणजे नेमकं कशासाठी भारी, आणि ती उचलून डोंगर चढणार कोण, हे कुणीच विचारत नाही. मशीन डिझाइनच्या पेपरात भार किती, वेग किती, आयुष्य किती हे न विचारता कुणी बेअरिंग निवडलं, तर सर पूर्ण मार्क कापतील. रायफलीच्या बाबतीत मात्र आपण सगळे डेटाशिवायच उत्तर देतो.

गंमत म्हणजे ही चूक फक्त आपण करतो असं नाही. सगळ्या कामांना चालेल अशी एक रायफल आणि तिच्यासाठी एकच काडतूस, याच्यामागे मोठमोठी सैन्यं शंभर वर्षं धावली आहेत. त्यात आपलं सैन्यही आहे, आणि त्या धावण्याचा बराचसा भाग आपल्या पुण्यात, पाषाणच्या एआरडीईमध्ये झाला आहे. म्हणून हा लेख.

आधी शब्द नीट करून घेऊ, कारण निम्मे वाद शब्दांमुळेच होतात. आपण ज्याला बोलताना 'गोळी' म्हणतो ते असतं काडतूस. त्यात चार वस्तू असतात : पुढे खरी गोळी, मागे पितळेचं नळकांडं (याला केस म्हणतात), केसमध्ये दारू, आणि बुडाला टोपी. टोपीवर पिन आपटली की ठिणगी, ठिणगीने दारू, दारूचा गॅस, आणि गॅसने गोळी नळीतून बाहेर. बेसिकली एका सिलिंडरचं, एकाच स्ट्रोकचं इंजिन, ज्याचा पिस्टन परत येत नाही!

कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. पण नुसता व्यास सांगून काहीच कळत नाही. '७.६२' म्हणजे ०.३ इंच, हे २५.४ ने गुणून बघा. आता एके-४७ पण ७.६२ आणि जुनी एसएलआर पण ७.६२. तरी एकाचं काडतूस दुसऱ्यात चालत नाही, कारण एकाची केस ३९ मिलिमीटर लांब आणि दुसऱ्याची ५१. लांब केसमध्ये दारू जास्त मावते. म्हणून पूर्ण नाव ७.६२ × ३९ किंवा ७.६२ × ५१ असं घ्यायचं. पेट्रोल आणि डिझेल दोन्ही लिटरमध्येच मोजतात, तसाच हा प्रकार.

आता आकडे. यात भाग घेणारे चौघं आहेत. पहिली म्हातारी .३०३, तिची गोळी सुमारे ११.३ ग्रॅमची, वेग सेकंदाला ७४४ मीटर. दुसरं ७.६२ × ५१, गोळी साडेनऊ ग्रॅम, वेग ८४० च्या आसपास. तिसरं एकेचं ७.६२ × ३९, गोळी ८ ग्रॅम, वेग ७१५. चौथं ५.५६ × ४५, गोळी फक्त ४ ग्रॅम, वेग ९०० च्या आसपास. अर्धा एम व्ही वर्ग सगळ्यांना येतो. करून बघितलं तर .३०३ ची ऊर्जा साधारण ३,१०० ज्यूल, ७.६२ × ५१ ची ३,३५०, एकेची २,००० च्या जरा वर आणि ५.५६ ची १,६००. नुसत्या ऊर्जेवर निकाल लावायचा तर विषय इथेच संपला. ज्याचे ज्यूल जास्त तो पास!

पण न्यूटनचा तिसरा नियम आहे ना. गोळी पुढे, रायफल मागे, म्हणजे तुमच्या खांद्यात. हिशोब सोपा राहावा म्हणून रायफल चार किलोची धरू आणि गॅसचा संवेग सोडून देऊ. ७.६२ × ५१ च्या गोळीचा संवेग येतो ८ च्या आसपास, म्हणजे रायफल सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येते आणि तिची ऊर्जा होते ८ ज्यूल. ५.५६ चा संवेग ३.६, रायफल मागे येते ०.९ ने, ऊर्जा १.६ ज्यूल. म्हणजे गोळीची ऊर्जा दुप्पट केली तर खांद्यावरचा धक्का पाचपट झाला. (गॅस धरला तर दोन्ही आकडे वाढतात, पण चित्र तेच राहतं.) एकेक गोळी नेम धरून मारताना हा धक्का माणूस सहन करतो. पण ट्रिगर दाबून ठेवून ओळीने मारायला गेलात तर दुसरी गोळी डोक्यावरून आणि तिसरी थेट आभाळात.

दुसरी गोष्ट वजनाची. ७.६२ × ५१ चं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅम, ५.५६ चं बरोबर निम्मं, १२ ग्रॅम, आणि एकेचं मधे, १६-१७ ग्रॅम. शंभर काडतुसांचे झाले अनुक्रमे २.४ किलो, १.२ किलो आणि साधारण १.७ किलो. पीएल ट्रिपला सिंहगडावर पाण्याच्या दोन बाटल्या कोण घेणार यावर भांडणाऱ्यांना एक किलोचा फरक किती असतो हे सांगायला नको. आणि जवानाच्या पाठीवर हे सोडून बाकीचंही सगळं असतं.

तिसरी गोष्ट गोळी किती पडते ही. गुरुत्वाकर्षण कुणाला सूट देत नाही. गोळी जितका वेळ हवेत, तितकी ती खाली येणार. हवेचा विरोध बाजूला ठेवला तर ३०० मीटरला एकेची गोळी ८६ सेंटिमीटर पडते आणि ५.५६ ची ५४ सेंटिमीटर. हवा धरली तर दोन्ही जास्त पडतात. म्हणून वेगवान गोळीने नेम धरणं सोपं. पण लांबवर जाताना हलक्या छोट्या गोळीला हवा लवकर दमवते, आणि वारा असेल तर बाजूलाही ढकलते. तिथे जड गोळी पुढे निघून जाते.

थोडक्यात, जवळच्या कामाला एक पाहिजे, लांबच्या कामाला दुसरी, आणि चालायला तिसरी. आता इतिहास बघू, म्हणजे निवड करणारे लोक यातून कसे गेले ते कळेल.

अमेरिकेने हा प्रश्न १९२८ साली चक्क डुकरांना विचारला. भूल दिलेल्या डुकरांवर तीन कॅलिबरच्या गोळ्या झाडून जखमा तपासल्या. या समितीला 'पिग बोर्ड' असंच नाव पडलं. निकाल सगळ्यांच्या समजुतीच्या उलटा आला : जवळच्या अंतरावर सगळ्यात छोट्या .२५६ ने सगळ्यात वाईट जखमा केल्या. शिफारस मधल्या .२७६ ची झाली. आणि मग १९३२ साली सैन्याचे प्रमुख जनरल मॅकआर्थर यांनी ती शिफारस बाजूला ठेवली, कारण जुन्या .३० च्या काडतुसांचा साठा गोदामात भरलेला होता आणि मशीनगनही त्याच काडतुसावर चालत होत्या. तो निर्णय वाईट होता असं म्हणता येत नाही. मंदीचे दिवस होते. पण कॅलिबर बॅलिस्टिक्सने नाही तर गोदामाने ठरवलं, हे लक्षात ठेवा, कारण पुढे हेच परत परत दिसतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी छोट्या केसचं काडतूस आणलं आणि त्यावरून आलेल्या वाटेनेच रशियनांनी ७.६२ × ३९ केलं. १९४९ साली एके-४७ त्यांच्या सैन्यात दाखल झाली. विचार साधा होता. बहुतेक चकमकी तीनशे मीटरच्या आत होतात, मग हजार मीटरची गोळी सगळ्यांनी का वाहायची? ब्रिटिशांनाही हे पटलं होतं. त्यांनी .२८० नावाचं मधल्या ताकदीचं काडतूस आणि त्यासाठी ईएम-२ ही रायफल तयार केली, १९५१ साली ती स्वीकारल्याचं जाहीरही केलं. पण अमेरिका पूर्ण ताकदीच्या .३० वर अडून बसली, ऑक्टोबर १९५१ मध्ये चर्चिल परत सत्तेवर आले आणि नाटोत एकी हवी म्हणून .२८० गुंडाळली गेली. १९५४ साली ७.६२ × ५१ हे सगळ्या नाटोचं काडतूस ठरलं. बेल्जियमची एफएन-फाल रायफल आधी छोट्या काडतुसासाठी आखलेली, तीही मोठी करावी लागली.

आणि आपली १९६० च्या दशकातली १ए१, जिला सगळे एसएलआर म्हणतात, ती याच फालच्या घराण्यातली! म्हणजे आपल्या जवानांनी तीसेक वर्षं जे काडतूस वाहिलं ते अशा भांडणात ठरलं, ज्यात आपल्याला खुर्चीच नव्हती.

आपल्याला ती घाईने घ्यावीही लागली. १९६२ च्या युद्धात आपले जवान .३०३ घेऊन लढले. ती बोल्ट-अ‍ॅक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायचा. समोर चिनी सैनिकांकडे आपोआप भरणाऱ्या रायफली होत्या. त्यानंतर इच्छापूरच्या कारखान्यात जुन्या ली-एनफिल्डचाच साचा ७.६२ × ५१ साठी बदलून २ए रायफल केली गेली. तिच्या साइटवर दोन हजारापर्यंत अंतराच्या खुणा होत्या. पुढच्या २ए१ मध्ये त्या ८०० पर्यंत आणल्या. मला हा बदल फार आवडतो. रायफल जवळजवळ तीच, काडतूस तेच, फक्त कुणीतरी प्रामाणिकपणे मान्य केलं की दोन हजारावर नुसत्या डोळ्याने माणूस दिसतच नाही!

इकडे अमेरिकेने ७.६२ × ५१ सगळ्या जगाच्या गळ्यात मारलं आणि स्वतःच ते सोडलं. त्यांची एम-१४ ओळीने फायर करताना हातात राहीना. व्हिएतनामच्या जंगलात लांब अंतराचा प्रश्नच नव्हता. १९६७ साली ५.५६ ची एम-१६ए१ अधिकृत झाली आणि १९८० मध्ये नाटोनेही ५.५६ मान्य केलं.

ही हवा आपल्याकडे आली ती इन्सास म्हणून. एआरडीईने आखलेली, १९९० च्या दशकात सैन्यात आलेली. कल्पना मोठी होती : रायफल, लाइट मशीनगन आणि कार्बाइन असं पूर्ण कुटुंब एकाच ५.५६ वर. एकदा काडतूस बनवायला घेतलं की वरणगाव आणि खडकीच्या कारखान्यांतून एकच पेटी सगळ्यांना. रायफलीत एकेचा गॅस पिस्टनचा फंडा, फालचा गॅस रेग्युलेटर आणि तीन गोळ्यांचा बर्स्ट, असं चांगलं चांगलं जमा केलं. पण काडतूस निम्म्या वजनाचं होऊनही रायफल चार किलोच्या वरच राहिली. कुटुंबातली कार्बाइन तर काही जमलीच नाही. आणि इन्सास यायला उशीर होत होता म्हणून १९९० च्या सुरुवातीला पूर्व युरोपातून एके मागवाव्या लागल्या. म्हणजे एका कॅलिबरचं स्वप्न जन्मायच्या आधीच दुसरं कॅलिबर घरात येऊन बसलं होतं.

मग १९९९ चं कारगिल. थंडीत इन्सासची प्लॅस्टिकची पारदर्शक मॅगझिन तडकली, रायफली अडकल्याच्या तक्रारी आल्या. आता जरा विचार करा. मॅगझिन तडकणं हा मटेरियलचा प्रश्न. खूप थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होतं हे आपण सेकंड इयरला शिकतो. त्यात ५.५६ ची काय चूक? पण लोकांच्या मनात रायफल आणि कॅलिबर एकच होऊन बसलं. मला वाटतं तिथे ५.५६ वर थोडा अन्याय झाला.

थोडाच, कारण दुसरी तक्रार खरी होती. काश्मीरमध्ये अतिरेक्यांशी जवळून लढणाऱ्या जवानांचं म्हणणं असं की पहिल्या गोळीत समोरचा थांबला पाहिजे. ५.५६ च्या बाजूने नेहमी सांगितलं जातं की शत्रू जखमी झाला तर त्याला उचलायला आणखी दोघं गुंततात. सैन्याशी सैन्य लढत असेल तर ठीक. पण ज्याला परत जायचंच नाही, ज्याला कुणी उचलायला येणार नाही, तो जखमी होऊनही ट्रिगर दाबत राहतो. घराच्या दारात उभ्या असलेल्या जवानासाठी हा अ‍ॅकॅडमिक प्रश्न नाही. म्हणून राष्ट्रीय रायफल्सच्या हातात एकेच जास्त दिसायची.

उलट उदाहरणही आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलिसांच्या हातात .३०३ होत्या आणि समोर एके. ज्यूल मोजले तर .३०३ दीडपट ताकदवान. पण प्रत्येक गोळीनंतर बोल्ट ओढायचा, आणि समोरून तेवढ्या वेळात अख्खी ओळ येणार. कॅलिबर मोठं असून त्या पोलिसांना त्याचा काय उपयोग? उत्तर प्रदेश पोलिसांनी .३०३ ला निरोप दिला तो थेट २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

आता इंजिनिअरला सुचेल तसं उत्तर सैन्यालाही सुचलं : एकच रायफल, दोन कॅलिबर! २०११ साली ६६,००० रायफलींचं टेंडर निघालं. अट अशी की नळी बदलली की ५.५६ ची रायफल ७.६२ × ३९ ची व्हावी. कागदावर झकास. पण नळी बदलली की काय काय बदलतं बघा. एकेच्या काडतुसाचं बूड ११ मिलिमीटरच्या वर, ५.५६ चं साडेनऊच्या आसपास, म्हणून बोल्टचं तोंड बदला. एकेची केस निमुळती, म्हणून तिचं मॅगझिन केळ्यासारखं वाकडं, तेही बदला. गॅसचा दाब वेगळा. आणि आत्ताच आपण बघितलं की ३०० मीटरला दोन्ही गोळ्यांच्या पडण्यात निदान ३२ सेंटिमीटरचा फरक, म्हणजे साइट परत जुळवा. एवढं सगळं जवानाने खिशात घेऊन फिरायचं? २०१५ साली ते टेंडर रद्द झालं. मला तरी त्यात काही वाईट वाटत नाही. वर्कशॉपमध्ये 'कॉम्बिनेशन प्लायर'ने बोल्ट खोलणाऱ्याच्या बोल्टची काय हालत होते ते आपण पाहिलंच आहे.

पुढे सैन्याने काम वाटून दिलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार झाला, ७.६२ × ५१ च्या, सीमेवरच्या तुकड्यांसाठी, जिथे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर नेम धरावा लागतो. २०२४ मध्ये आणखी जवळजवळ तेवढ्याच मागवल्या. डिसेंबर २०२१ मध्ये एके-२०३ चा करार झाला, संख्या ६,०१,४२७, कॅलिबर ७.६२ × ३९, बनवायच्या अमेठीजवळ कोरव्याला. ही बाकी सगळ्यांसाठी. एआरडीईनेही जानेवारी २०२४ मध्ये ७.६२ × ५१ ची 'उग्रम' पुण्यात दाखवली. आणि ५.५६ गेली का? नाही! एआरडीईने आखलेली, भारत फोर्जच्या जोडीने केलेली नवी कार्बाइन ५.५६ चीच आहे. खोलीत, जिन्यात, गाडीत बसून वापरायचं हत्यार आखूड हवं, धक्का कमी हवा, मग आणखी काय घेणार? ज्या कुटुंबात कार्बाइन जमली नव्हती, त्यातलं कॅलिबर आता कार्बाइनसाठीच नव्याने निवडलं गेलं.

स्टोअर सांभाळणाऱ्याची मात्र कमाल आहे. त्याच्याकडे ७.६२ च्याच दोन जातींच्या पेट्या, ५.५६ वेगळी. वाटून घेतलेल्या कामाची ही किंमत, आणि ती कुणीतरी ट्रकमध्ये भरून सियाचिनच्या पायथ्यापर्यंत नेणार.

अमेरिकेला मात्र अजून ऑलराउंडरची आशा आहे. २०२२ साली त्यांनी ६.८ × ५१ ची नवी रायफल निवडली, जिला आता एम-७ म्हणतात. छाती झाकणारी चिलखतं लांबून भेदायची म्हणून चेंबरमधला दाब ८०,००० पीएसआयपर्यंत नेला. नुसत्या पितळेला तो झेपत नाही, म्हणून केसचं बूड स्टीलचं आणि वरचा भाग पितळेचा. इंजिनिअरिंग म्हणून एक नंबर. पण वीस गोळ्यांची सात मॅगझिन घेतली की झाल्या १४०. आधीच्या ५.५६ च्या एम-४ बरोबर तीसची सात, म्हणजे २१०. सत्तर गोळ्या कुठे गेल्या ते वर वजनाच्या परिच्छेदात आहे.

सगळ्या जगात मला पटलेली ऑलराउंडर रायफल एकच, आणि ती अगदी जुन्या पद्धतीची आहे. कॅनडाच्या उत्तर टोकाला 'कॅनेडियन रेंजर्स' नावाचं दल आहे, १९४७ पासूनचं. बरेच जण तिथलेच स्थानिक लोक. बर्फात गस्त घालायची आणि ध्रुवीय अस्वल अंगावर आलं तर स्वतःला आणि सोबतच्यांना वाचवायचं, एवढंच काम. त्यांनी सत्तर वर्षं .३०३ ली-एनफिल्डच वापरली. ती बदलली ती वाईट होती म्हणून नाही, तर सुटे भाग मिळेनात म्हणून. तिच्या जागी आलेली सी-१९ पण बोल्ट-अ‍ॅक्शनच, फिनलंडच्या टिक्का रायफलीवरून केलेली, ७.६२ × ५१ ची. अट अशी की उणे ५१ अंशाला चालली पाहिजे, आणि दस्त्याचा रंग लाल, म्हणजे बर्फात पडली तर सापडावी. ओळीने फायर नाही, चिलखत भेदायचं नाही, खोलीत शिरायचं नाही. कामांची यादी छोटी होती म्हणून एक रायफल पुरली.

आपल्याकडे जंगलालगतच्या गावात परवाना असलेल्या माणसालाही अशी निवड करता येत नाही, कारण .३०३ आणि ७.६२ दोन्ही 'प्रोहिबिटेड बोअर'. म्हणून त्याच्या हाती असते ती .३१५. तिचं कॅलिबर अंतराने नाही, अस्वलाने नाही, कायद्याने ठरवलेलं.

असो. मेकॅनिकलवाल्यांनी वरचे धक्क्याचे आकडे गॅस धरून परत काढून बघा. ७.६२ × ५१ मध्ये दारू सुमारे ३ ग्रॅम आणि नळीतून निघताना गॅसचा सरासरी वेग सेकंदाला १,२०० मीटर धरा. माझं उत्तर १६-१७ ज्यूल येतंय. कुणाचं वेगळं आलं तर मेसमध्ये भेटा, फक्त जेवण झाल्यावर.